कँडिन्स्कीच्या 'कॉम्पोझिशन ७' मागे नेमकं कुठलं संगीत आहे

मॉस्कोच्या ट्रेत्याकोव्ह गॅलरीत रशियन चित्रकार वासिली कँडिन्स्कीचं 'कॉम्पोझिशन ७' हे चित्र आहे, दोन मीटर उंच, तीन मीटर रुंद, आणि पहिल्यांदा बघताना काहीच हाती लागत नाही, नुसता रंगांचा कल्लोळ. मग कुणीतरी सांगतं की हे संगीताचं चित्र आहे, आणि आपण त्यात गाणं शोधत बसतो. तसं ते नाहीये.

कँडिन्स्की लहानपणापासून पियानो आणि चेलो वाजवायचा. शिकला मात्र कायदा. 1896 च्या सुमारास मॉस्कोत जर्मन संगीतकार वाग्नरचा 'लोहेनग्रिन' ऑपेरा ऐकताना त्याला डोळ्यांसमोर रंग आणि वेड्यावाकड्या रेषा दिसल्या, असं त्यानेच पुढे लिहून ठेवलंय, आणि त्याच वर्षी, तिशीत, कायद्याचं सगळं सोडून गडी चित्रकला शिकायला म्युनिकला गेला.

पण खरी कलाटणी 2 जानेवारी 1911 ची. म्युनिकमध्ये ऑस्ट्रियन संगीतकार अर्नोल्ड शोनबर्गची कॉन्सर्ट होती, पहिल्यांदा ऐकणाऱ्याला बेसूर वाटेल असं संगीत, कारण ते नेहमीसारखं एका मूळ सुराकडे परत येतच नाही. कँडिन्स्कीने घरी येऊन लगेच 'इम्प्रेशन 3' हे चित्र केलं, सगळीकडे पिवळा आणि मध्ये पियानोचं काळं झाकण. मग ओळखदेख नसताना शोनबर्गला पत्र लिहिलं, की आजची विसंगती ही उद्याची सुसंगतीच आहे. मला वाटतं सगळी गंमत या पत्रात आहे. संगीताला मूळ सूर नसला तरी चालतं, तर चित्राला झाड, घर, माणूस कशाला पाहिजे? त्याने संगीतातून धून नाही उचलली, ही मोकळीक उचलली.

कँडिन्स्कीच्या कलेवरच्या पुस्तकात पिवळा म्हणजे ट्रम्पेट, फिका निळा म्हणजे बासरी, गडद निळा म्हणजे चेलो असं सगळं आहे, लोकांना तेच जास्त आवडतं (कोडं सोडवल्यासारखं वाटतं ना). पण तो तक्ता घेऊन 'कॉम्पोझिशन ७' पुढे उभं राहून बघा, दोन मिनिटांत हात टेकाल.

'कॉम्पोझिशन' (म्हणजे रचना) हे नावही त्याने संगीतातूनच घेतलं, आणि ते फक्त खूप तयारी करून केलेल्या चित्रांसाठी राखून ठेवलं. सातव्यासाठी तीसच्या वर कच्ची चित्रं केली, तेलरंगातली, जलरंगातली, पेन्सिलीची. आणि मूळ चित्र? 25 ते 28 नोव्हेंबर 1913, चार दिवसात खल्लास! सोबत राहणारी चित्रकार गाब्रिएले म्युंटर मधूनमधून कॅनव्हासचे फोटो काढत होती, म्हणून तर ते कसं कसं भरत गेलं हे आज बघता येतं.