रांजणातला गारवा आणि रेणूंची गोष्ट

मे महिन्यात परभणीत पारा ४२ अंशांच्या वर गेला की रांजणाभोवती ओलं पोतं गुंडाळलं जातं. पाणी झिरपतं, सुकतं, म्हणून आतलं गार होतं, हे घरातल्या पोरांनाही ठाऊक असतं. पण सुकण्यानं गारवा का यावा? याचं रेणूंच्या भाषेतलं उत्तर १८५७ साली मिळालं, तेही वायूंचा हिशेब मांडता मांडता.

शाळेच्या पुस्तकात तीन चौकोन असतात: दाटीवाटीचे ठिपके स्थायूचे, सैलसर द्रवाचे, विखुरलेले वायूचे. (द्रवाचे ठिपके उगाच लांब लांब काढतात, पाण्यातले रेणू एकमेकांना चिकटूनच असतात.) हे चौकोन एकाच वेळी भरले नाहीत. आधी वायूचा भरला, कारण तिथे रेणू एकमेकांच्या फारसे वाटेला जात नाहीत.

वायूचा दाब म्हणजे भांड्याच्या भिंतीवर कणांचे धक्के, हे डॅनियल बर्नुली १७३८ मध्येच सांगून गेला होता. कुणी फारसं मनावर घेतलं नाही. १८४५ मध्ये जॉन वॉटरस्टननं हाच विचार पुढे नेऊन रॉयल सोसायटीकडे निबंध पाठवला. तो बाजूला टाकला गेला आणि छापून आला १८९२ मध्ये, लेखक वारल्यावर.

१८५७ मध्ये रुडॉल्फ क्लॉसियसनं तिन्ही अवस्था रेणूंच्या हालचालीवरून समजावल्या. स्थायूत रेणू जागच्या जागी थरथरतात, द्रवात जागा बदलतात पण घोळका सोडत नाहीत, वायूत मोकाट धावतात. रांजणाचं कोडंही इथेच सुटतं. पृष्ठभागावरचे जास्त वेगवान रेणू घोळक्यातून निसटतात, मागे उरतात ते मंद, म्हणून पाणी गार. हवेत आधीच बरीच वाफ असेल तर पुष्कळ रेणू परतही येतात. कोकणातल्या माठाला आपल्याकडच्या उन्हाळ्यातला गारवा येत नाही तो यामुळे.

क्लॉसियसच्या गणितानं शून्य अंशाला ऑक्सिजनच्या रेणूंचा वेग सेकंदाला ४६१ मीटर निघाला. म्हणजे परभणीहून नांदेड दोन-तीन मिनिटांत! मग चुलीवरच्या मिरचीचा ठसका ओसरीवर यायला वेळ का लागतो? डच हवामानशास्त्रज्ञ बाइस बॅलट याची शंका अशीच होती. १८५८ मध्ये क्लॉसियसनं उत्तर दिलं: रेणू जरासं धावले की दुसऱ्यावर आदळतात, दिशा बदलते. जत्रेच्या गर्दीत पळणाऱ्यासारखं.

द्रवाला वेळ लागला. रेणूंना स्वतःचं आकारमान असतं आणि ते एकमेकांना ओढतात, या दोन गोष्टी १८७३ मध्ये व्हॅन डर वाल्स यांनी समीकरणात आणल्या, तेव्हा वायू आणि द्रव एकाच सूत्रात बसले. तरी रेणू खरंच असतात का, यावर वाद चालूच होता. १९०८ च्या सुमारास जाँ पेरँच्या प्रयोगांनी तो बहुतेक मिटला.

स्थायूचा चौकोन शेवटी उघडला, क्ष-किरणांनी. १९१३ मध्ये लॉरेन्स ब्रॅग यांनी साध्या मिठाची रचना उलगडली. प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोरीन, प्रत्येक क्लोरीनभोवती सहा सोडियम. मिठाच्या खड्यात मिठाचा सुटा रेणू कुठेच नव्हता.