ओळखपरेडीतला चेहरा

मे महिन्यात भुसावळला भर दुपारी तोंड उघडं टाकून फिरणारा माणूस विरळाच. पारा पंचेचाळिसाला टेकलेला, जो तो रुमाल गुंडाळून, दिसतात ते नुसते डोळे. समजा, बाजारात अशाच एकाने कुणाची पोत ओढली आणि मोटरसायकलवरून पसार झाला. पाहणाऱ्याला चेहरा मिळाला दोन-तीन सेकंद, तोही अर्धा. चोराच्या हातात चाकू असेल तर नजर चाकूवरच खिळते, हे प्रयोगांत वारंवार दिसलं आहे. तरी काही आठवड्यांनी हाच साक्षीदार नायब तहसीलदारांसमोरच्या ओळखपरेडीत, म्हणजे संशयिताला इतरांसोबत रांगेत उभं करतात तिथे, एकावर बोट ठेवतो, आणि दोन-चार वर्षांनी कोर्टात शपथेवर सांगतो, "हाच तो, शंभर टक्के." तो खोटं बोलत नसतो, आणि अडचण तिथेच आहे. उलटतपासणीत खोटारडा उघडा पडतो. मनापासून चुकणाऱ्याला कुठे पकडणार?

आठवण डोक्यात ठेवलेली नसते, दरवेळी नव्याने रचली जाते. भरताची वांगी तीच, पण फोडणी देणाऱ्याच्या हातची चव उतरतेच, तसं प्रश्न विचारणाऱ्याचं. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी 1974 मध्ये विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताच्या फिती दाखवल्या. 'गाड्या धाडकन आदळल्या तेव्हा वेग किती होता?' असं विचारलं तर सरासरी उत्तर आलं ताशी 40.8 मैल. 'गाड्या एकमेकींना लागल्या तेव्हा' म्हटलं तर 31.8. फिती त्याच, फरक क्रियापदाचा.

खात्रीचंही तसंच. 1998 मध्ये गॅरी वेल्स आणि एमी ब्रॅडफिल्ड या मानसशास्त्रज्ञांनी एका प्रयोगात चुकीचा माणूस ओळखणाऱ्यांपैकी काहींना 'बरोबर ओळखलंत' एवढंच सांगितलं. त्यांची खात्री तर वाढलीच, पण आपण गुन्हेगाराला किती नीट पाहिलं होतं, ही आठवणसुद्धा सुधारली! फौजदाराने नुसती मान डोलावली तरी बहुधा एवढं काम होत असावं.

अमेरिकेतला रोनाल्ड कॉटन याचाच बळी. 1984 मध्ये बलात्कार झालेल्या तरुणीने फोटोंमधून त्याला निवडलं, ते बराच वेळ घुटमळून. कोर्टापर्यंत ती ठाम झाली होती. पुढे दुसऱ्या खटल्यात खरा गुन्हेगार तिच्यासमोर उभा केला, तेव्हा याला कधी पाहिलंच नाही, असं ती म्हणाली. 1995 मध्ये डीएनए तपासणीने कॉटन सुटला. तिचं ते सुरुवातीचं घुटमळणंच खरी साक्ष होती.

अमेरिकेपर्यंत जायचीही गरज नाही. महाराष्ट्रातच जून 2003 मध्ये एका कुटुंबावर भीषण हल्ला झाला, पाच जण मारले गेले. वाचलेल्या बाईंनी दोनच दिवसांत पोलिसांच्या फोटोंमधून चार जण ओळखले. त्या चौघांचा मागच काढला गेला नाही. खटला चालला तो भटक्या जमातीतल्या सहा वेगळ्याच मजुरांवर, आणि 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयात सहाही जणांची फाशी पक्की झाली. मार्च 2019 मध्ये त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. सोळा वर्षं गेली होती. भटक्यांवर संशय आधी येतो आणि चेहरा मागाहून जुळवला जातो. साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात 1 जुलै 2018 रोजी मुलं पळवणारे समजून पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारलं, तिथे तर कोर्टापर्यंत जाण्याचीही वाट पाहिली गेली नाही.

उपाय फारसा खर्चिक नाही. परेड घेणाऱ्यालाच संशयित कोण ते ठाऊक नसावं, म्हणजे इशारा नकळतही जाणार नाही. साक्षीदाराला 'तो रांगेत नसेलही' असं आधी सांगावं. आणि पहिलं उत्तर, 'वाटतं', 'बहुतेक' यांसकट, त्याच्याच शब्दांत जागच्या जागी नोंदवावं. फौजदारी तपास आणि खटल्यांच्या नव्या कायद्याने, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने, झडती-जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं केलं आहे. ओळखपरेडीचं मात्र ओळखणारी व्यक्ती दिव्यांग असेल तरच.