काऊ-चिऊची गोष्ट

महाराष्ट्रात लहान मुलांना सांगितली जाणारी एक पारंपरिक प्राणिकथा. शेणाचे घर, मेणाचे घर, मुसळधार पाऊस आणि एक बंद दार एवढ्या सामग्रीवर ती उभी आहे. तिचा कोणी एक कर्ता नाही आणि तिला प्रमाण पाठही नाही. बहुतेक मराठी माणसांनी ती वाचण्याच्या कितीतरी आधी ऐकलेली असते, आणि पहिल्यांदा कोणाकडून ऐकली हे त्यांना सहसा सांगता येत नाही, कारण गोष्ट म्हणजे काय हे समजण्याच्या आधीच ती कानावर पडू लागते.

सर्वसाधारणपणे सांगितले जाणारे कथानक असे : एक असतो काऊ, एक असते चिऊ. काऊचे घर शेणाचे, चिऊचे घर मेणाचे. एकदा मोठा पाऊस येतो आणि शेणाचे घर वाहून जाते. भिजलेला काऊ चिऊच्या दारी येऊन ‘चिऊताई, चिऊताई, दार उघड’ अशी हाक मारतो. चिऊ आतूनच सांगते, ‘थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते.’ काऊ थांबतो आणि पुन्हा हाक मारतो. आता बाळाचे अंग पुसायचे असते, मग झबले घालायचे असते, मग काजळ, मग तीट, मग पाळण्यात घालून निजवायचे असते. अखेर दार उघडते आणि काऊला कोपऱ्यात जागा मिळते. येथून पुढे घरोघरचे पाठ वेगळे होतात. एका प्रचलित पाठात रात्री कुडुम कुडुम आवाज येतो, काय खातोस असे चिऊ विचारते, काऊ सुपारीचे नाव सांगतो आणि सकाळी पाहावे तो साठवणीतले हरभरे फस्त झालेले असतात. दुसऱ्या पाठात गारठलेला काऊ ऊब घ्यायला चुलीवरच्या तव्यावर बसतो आणि भाजतो. काही सांगणारे दार उघडताच गोष्ट संपवतात.

या कथेचे वय मोठे आहे. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या आठवणींचे म्हाइंभटांनी संकलन केले, तो ‘लीळाचरित्र’ हा ग्रंथ १३व्या शतकाच्या उत्तरार्धातला. मराठी गद्याच्या या आरंभीच्या ग्रंथातच कावळ्याचे शेणाचे आणि साळईचे, म्हणजे साळुंकीचे, मेणाचे घर भेटते. म्हणजे सुमारे ७०० वर्षांत एक पक्षी बदलला. दोन्ही घरे आणि त्यांच्यावर कोसळणारा पाऊस मात्र तसाच राहिला. मधल्या काळात राज्ये, लिपी आणि भाषेचे रूप किती पालटले हे पाहिले, तर केवळ तोंडी सांगण्यावर टिकलेल्या एवढ्याशा कथेचा हा चिवटपणा नवल वाटावा असाच आहे.

कथेच्या आकर्षणाचे मूळ दाराच्या प्रसंगात शोधावे लागते. घरे बांधणे, पाऊस येणे, घर वाहून जाणे या साऱ्या घटना एकेका वाक्यात उरकतात. लांबतो तो फक्त दारापुढचा संवाद, आणि तो किती लांबवायचा हे सर्वस्वी सांगणाऱ्याच्या हातात असते. मूल पेंगुळले असेल तर तिसऱ्या हाकेला दार उघडते. जेवायला कुरकुरत असेल तर ताटातला भात संपेपर्यंत चिऊच्या बाळाला काहीतरी करायचे उरलेलेच असते. इतक्या सहज ताणता किंवा आखडता येणारी रचना बालकथांमध्ये फार थोड्या ठिकाणी सापडते.

त्याहून महत्त्वाचे असे, की चिऊची प्रत्येक सबब ऐकणाऱ्या मुलाच्या दिवसातूनच उचललेली असते. नुकतेच न्हाऊन, काजळ-तीट लावून मांडीवर बसलेले मूल जेव्हा चिऊच्या बाळाच्या न्हाण्याविषयी ऐकते, तेव्हा ते स्वतःविषयीच ऐकत असते. ते मेणाच्या घराच्या आत असते, म्हणून बाहेरच्या पावसाची त्याला भीती वाटत नाही. पण मुले सर्वांत आधी पाठ करतात ते वाक्य चिऊचे नसते, काऊचे असते. हाक मारण्याचे काम सांगणारा हळूहळू मुलाकडे सोपवतो आणि दोन-अडीच वर्षांचे मूल आतल्या उबेत बसून बाहेर भिजणाऱ्याच्या तोंडचे शब्द बोलू लागते. सुरक्षितपणा आणि उघड्यावर पडणे या दोन्ही गोष्टींचा एकाच वेळी असा अनुभव देणे मोठ्यांच्या साहित्यालाही सोपे नाही. उत्तर ठाऊक असल्याने गंमत कमी होत नाही, वाढते. सांगताना तीट राहून गेली तर मूल सांगणाऱ्याला अडवते आणि ती लावायला लावते.

शेण आणि मेण यांची निवडही यमकापुरती नाही. सारवलेल्या जमिनी आणि वाळत घातलेल्या गोवऱ्या ज्या घरांत रोज दिसत, तेथे वाळलेले शेण टणक होते पण पावसात विरघळून जाते, हे मुलालाही माहीत असे. मेण पाणी धरत नाही. घर का पडले याचे कारण त्यामुळे नशिबात किंवा कोणाच्या शापात नसून साहित्याच्या गुणधर्मात आहे. याच न्यायाने उन्हाळ्यात मेणाच्या घराचे काय होईल, हा प्रश्न चौकस मुले विचारतातच, आणि त्याला उत्तर म्हणून घर वितळल्यावर चिऊ काऊच्या दारी जाते असा उत्तरभागही सांगितला जातो. प्रत्यक्षात कावळा झाडाच्या बेचक्यात काटक्यांचे घरटे करतो (शहरांत तर तो तारांचे तुकडेही वापरतो, जे शेणापेक्षा पुष्कळच भक्कम ठरतात), आणि चिमणी भिंतीतल्या भोकात, वळचणीला किंवा तसबिरीमागे गवत-पिसे कोंबते. तरीही कथेतील मूळ निरीक्षण खोटे नाही. या दोघांपैकी छपराखाली राहणारा पक्षी चिमणी आहे आणि पावसात उघड्यावर भिजणारा कावळा.

चिऊला ‘ताई’ म्हटले जाते, काऊला पुष्कळदा ‘दादा’, आणि मुलाला भरवताना ‘एक घास चिऊचा, एक घास काऊचा’ असे म्हणून दोघांनाही सारखाच वाटा दिला जातो. मराठी परंपरेत कावळ्याला इतरही भूमिका आहेत. ज्ञानेश्वरांच्या ‘पैल तो गे काऊ कोकताहे’ या विराणीत तो शुभ वार्ता घेऊन येणारा आहे, तर श्राद्धात पिंडाला त्याचा स्पर्श व्हावा म्हणून माणसे ताटकळतात. त्यामुळे गोष्टीतला काऊ हरभरे खाऊन पळाला तरी मुलाच्या मनात तो खलनायक होत नाही. दुसऱ्या दिवशी खिडकीत आलेल्या कावळ्याला पोळीचा तुकडा मिळतोच.

पावसात भिजणारा आणि घरट्यात सुखाने बसलेली अशी जोडी पंचतंत्रातही आहे. तेथे थंडीने कुडकुडणाऱ्या माकडाला पक्षीण घर बांधण्याचा उपदेश करते आणि चिडलेले माकड तिचे घरटेच मोडून टाकते. ती कथा अपात्राला उपदेश करू नये हे शिकवण्यासाठी रचलेली आहे आणि तेवढे शिकवून ती थांबते. काऊ-चिऊच्या गोष्टीत कोणी कोणाला उपदेश करत नाही. कन्नड भाषेत कागक्का आणि गुब्बक्का ही जोडी प्रसिद्ध असून तेथे कावळाही ताईच आहे. गुजरातीत चका-चकीची, तांदूळ आणि मुगाचा एकेक दाणा आणून केलेल्या खिचडीची गोष्ट चालते. तिच्यासारखी खिचडीची गोष्ट मराठीत कावळा-चिमणीच्या नावावरही सांगितली जाते.

चिऊचे वागणे बरोबर की चूक, यावर मोठ्यांत मतभेद आहेत. दारात भिजणाऱ्याला ताटकळत ठेवणारी चिऊ निर्दय आहे, आणि काळा कावळा, त्याचे शेणाचे घर, त्याची चोरी यांची सांगड मुलांच्या मनात पूर्वग्रह रुजवते, असा आक्षेप घेतला जातो. तव्यावर भाजणाऱ्या काऊच्या पाठाला तो नक्कीच लागू पडतो. म्हणून अलीकडच्या काही रूपांत चिऊ पहिल्याच हाकेला दार उघडते आणि दोघे मिळून नवे घर बांधतात. हेतू चांगला असला तरी अशा रूपांत कथेचा कणाच निघून जातो, कारण पहिल्या हाकेला उघडणाऱ्या दारापाशी मुलाला करण्यासारखे काही उरत नाही. शिवाय चिऊच्या सबबी खोट्या आहेत असे मूळ कथा कोठेही म्हणत नाही. तान्हे मूल असलेल्या घरात त्या अगदी खऱ्या असतात. छापील चित्रपुस्तकांत हा संवाद तीन-चार हाकांवर गोठतो, पण वाचून दाखवणारे आपल्या पदरच्या दोन हाका सहसा घालतातच.

मोठ्यांच्या बोलण्यातही ती हाक टिकून आहे. आतून कडी लावून बसलेल्या माणसाला थट्टेने तीच ऐकवली जाते. मंगेश पाडगावकर यांनी ‘चिऊताईसाठी गाणं’ या कवितेत हीच हाक घेऊन प्रसंग नेमका उलटा केला आहे. तेथे आसऱ्याची गरज बाहेरच्याला नाही. जगावर रुसून दार लावून बसलेल्या चिऊलाच बाहेर पडण्यासाठी विनवले जाते. त्यासाठी आधीची गोष्ट सांगण्याची गरज कवीला भासलेली नाही.