आनुवंशिक कॅव्हर्नोमा : बीपीचा दोष किती?

मराठवाड्यात एखाद्याच्या मेंदूत रक्तस्राव झाला की ‘बीपी वाढलं असणार’ असे नातेवाईक दवाखान्याच्या दारातच ठरवून टाकतात, आणि पुष्कळदा ते खरेही असते, कारण वर्षानुवर्षे चढा राहिलेला रक्तदाब मेंदूत खोलवर गेलेल्या बारीक धमन्यांच्या भिंती कमकुवत करतो. कॅव्हर्नोमाला मात्र हा हिशेब सरळ लागू पडत नाही.

कॅव्हर्नोमा म्हणजे मेंदूतील केशवाहिन्या फुगून आणि एकमेकींना चिकटून झालेला पुंजका. शस्त्रक्रियेत तो पिकलेल्या तुतीसारखा जांभळट दिसतो. त्यातून रक्त संथपणे, कमी दाबाने वाहते, म्हणून ते उसळण्यापेक्षा बहुधा झिरपते. साधारण २०० माणसांत एकाच्या मेंदूत असा पुंजका असतो आणि बहुतेकांना तो कधीच जाणवत नाही. आनुवंशिक प्रकारात मात्र एकाच मेंदूत अनेक पुंजके आढळतात. त्यामागे केआरआयटी१, सीसीएम२ किंवा पीडीसीडी१० या तीन जनुकांपैकी एकातील दोष असतो. आई किंवा वडील यांपैकी एकाकडून तो आला तरी पुरे, आणि प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता ५० टक्के असते. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत असल्याने अशा घरात त्या नात्यावर बोट ठेवले जाते. या आजारापुरता तो आरोप निराधार आहे.

एकच दोष असूनही आजार सर्वांना सारखा का होत नाही, हा खरा कठीण प्रश्न आहे. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात स्पॅनिश वंशाच्या अनेक कुटुंबांत केआरआयटी१ मधला अगदी तोच बदल पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तरीही कोणाच्या स्कॅनमध्ये एकही पुंजका दिसत नाही, तर कोणाच्या शेकड्यांनी. रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, वजन, तंबाखू या हृदयविकाराच्या नेहमीच्या जोखीम घटकांनी याचे उत्तर मिळते का, हेही संशोधकांनी तपासले. परंतु एवढा प्रचंड फरक त्यांपैकी एकाही घटकाने उलगडत नाही. वयाचा संबंध अधिक स्पष्ट आहे, कारण वर्षांगणिक नवे पुंजके तयार होत जातात. उंदरांवरील प्रयोगांत २०१७ साली आतड्यातील काही जिवाणूंचाही या वाढीशी संबंध दिसला, आणि मला तो धागा फार आशादायक वाटतो.

पुढील रक्तस्रावाचा अंदाज मुख्यतः दोन गोष्टींवरून येतो : पुंजका मेंदूच्या देठात (मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या भागात) आहे का, आणि त्यातून पूर्वी रक्तस्राव झाला आहे का. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या एकत्रित विश्लेषणात या दोन्ही गोष्टी नसलेल्यांना पाच वर्षांतील धोका ३.८ टक्के, तर दोन्ही असलेल्यांना ३०.८ टक्के आढळला. म्हणून बीपीची गोळी किंवा तंबाखूची पुडी यांकडे काणाडोळा करावा असे नव्हे; कॅव्हर्नोमा असलेल्या माणसालाही इतर प्रकारचा पक्षाघात आणि हृदयविकार होऊ शकतो, आणि त्यांत चढ्या रक्तदाबाचा व तंबाखूचा वाटा निर्विवाद आहे.

या आजाराची पहिली खूण अनेकदा फीट असते. अशा वेळी चप्पल किंवा कांदा हुंगवण्यात वेळ न घालवता रुग्णाला कुशीवर वळवावे आणि नंतर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावे. साध्या सीटी स्कॅनमध्ये लहान पुंजके सुटून जातात. त्यासाठी रक्ताच्या जुन्या खुणा टिपणारा एमआरआय लागतो, आणि घरात आधी कोणाला फीट किंवा मेंदूत रक्तस्राव झाला होता, हे डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता सांगावे.