पाळणा हलावा म्हणून

१९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात दक्षिण कोरियाची राजधानी सोल येथे नव्या वसाहतींतील सदनिकांचे वाटप करताना नसबंदी करून घेतलेल्यांना प्राधान्य मिळत असे. आज त्याच देशात सदनिकांचा काही वाटा अधिक मुले असलेल्या कुटुंबांसाठी राखून ठेवला जातो. भिंतीभिंतींवर लाल त्रिकोण पाहत वाढलेल्या आपल्या पिढीला हे चमत्कारिक वाटेल, पण त्यामागचे गणित सरळ आहे.

एका स्त्रीला आयुष्यभरात सरासरी किती मुले होतात, हे एकूण जननदर सांगतो. स्थलांतर वगळल्यास लोकसंख्या स्थिर राहण्यासाठी तो सुमारे २.१ लागतो. नेमके २ पुरत नाहीत, कारण मुलींपेक्षा मुलगे किंचित अधिक जन्मतात आणि काही मुली प्रजननवयापर्यंत जगत नाहीत. कोरियात १९६० च्या सुमारास हा दर ६ होता. २०२३ मध्ये तो ०.७२ वर आला. म्हणजे शंभर स्त्रियांना ७२ मुले, त्यांत मुली साधारण ३५, आणि दर तोच राहिला तर त्या ३५ जणींना मुले अवघी २५. दोन पिढ्यांत दोनशे माणसांच्या जागी पंचवीस.

मात्र हे लवकर दिसत नाही. जननदर १९८३ च्या सुमारासच २.१ च्या खाली गेला होता, तरी आधीच्या मोठ्या पिढ्या तरुण असल्याने लोकसंख्या २०२० पर्यंत वाढतच राहिली. याला लोकसंख्येचा संवेग म्हणतात. त्याने सरकारचीही फसगत केली, असे मला वाटते: जन्म रोखण्याचे धोरण १९९६ पर्यंत चालले आणि जन्म वाढवण्याचा कायदा २००५ मध्ये आला.

सरकारला चिंता आहे ती एकूण आकड्यापेक्षा वयोरचनेची. निवृत्तिवेतन आणि आरोग्यविमा कमावत्यांच्या वर्गणीवर चालतात, तर सैन्य सक्तीच्या सेवेसाठी वयात येणाऱ्या तरुणांवर; आणि हे दोन्ही गट आटत असताना वृद्ध वाढत आहेत. काही बालवाड्यांच्या इमारतींत आता वृद्धांची सेवाकेंद्रे भरतात.

२०२४ पासून मूल एक वर्षाचे होईपर्यंत पालकांना दरमहा १० लाख वॉन मिळतात. त्या वर्षी जननदर ०.७५ झाला. घरांच्या किमती, खासगी शिकवण्यांचा खर्च आणि कामाचे लांबलेले तास यांपुढे ही रक्कम तोकडीच आहे. शिवाय संवेग उलटही चालतो: जननदर उद्या २.१ वर गेला, तरी आई होण्याच्या वयातल्या स्त्रियाच कमी असल्याने लोकसंख्या अनेक दशके घटत राहील.