तीस सेकंदांची गाडी आणि एक किलो बर्फ

इंग्लंडात मिडलँड्समध्ये नोकरीला होतो तेव्हाची गोष्ट, ऑफिसातला एक मित्र एका रविवारी मला शेल्सली वॉल्शला घेऊन गेला. वूस्टरशायरमधलं अगदी खेडेगाव, सगळीकडे शेतं, आणि त्यातनं टेकडीवर चढत जाणारा एक अरुंद डांबरी रस्ता. त्याची निळी लोटस एक्सिज एस तिथे नंबर लावून उभी होती, आणि त्याचा नंबर यायच्या जरा आधी त्याने गाडीतल्या पाण्याच्या छोट्या टाकीचं झाकण उघडलं आणि पिशवीतले बर्फाचे खडे आत ओतले. दुकानात मिळतो तोच साधा बर्फ. सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंप, लावलेल्या गाडीला बर्फ का लागतो हे त्याने मला तिथेच उभ्या उभ्या पाच मिनिटांत सांगितलं, पण मला ते नीट पटायला घरी येऊन कागदावर हिशोब करावा लागला. तो हिशोब मला इतका आवडलाय की इथे पूर्ण मांडतोय.

आधी जागा समजून घ्या. हिलक्लाइंब म्हणजे शर्यतच, पण एका वेळी एकच गाडी, उभ्या जागेवरून सुटायचं, चढ चढून वरची रेषा ओलांडायची आणि घड्याळ काय म्हणतंय ते बघायचं. शेल्सलीत हे १२ ऑगस्ट १९०५ पासून चालू आहे, मधे दोन महायुद्धं झाली तेवढा खंड, पण रस्ता तोच. लांबी १००० यार्ड, म्हणजे ९१४ मीटर, आणि तेवढ्यात १०० मीटर चढ, म्हणजे तीसेक मजली इमारतीच्या गच्चीवर जाण्यासारखं. पहिल्या वर्षी जिंकलेल्या डेमलरला ७७.६ सेकंद लागले होते, तेव्हा रस्ता आठ यार्ड कमी होता. आज तिथल्या सगळ्यात वेगवान सिंगल सीटर गाड्या २३ सेकंदांच्या आत वर पोचतात, आणि मित्राच्या गाडीसारख्या रस्त्यावर चालणाऱ्या चांगल्या स्पोर्ट्स कारला तीस सेकंदांच्या आसपास लागतात. हिरवा दिवा लागला की लगेच निघायची घाई नसते, घड्याळ सुरू होतं ते गाडी हलून प्रकाशाचा किरण तोडते तेव्हा. त्यामुळे दिवा बघून हलायला ड्रायव्हरला लागणारा वेळ मोजला जात नाही, मोजला जातो तो फक्त गाडीचा आणि हातापायांचा.

आता हिशोब. गाडी ९३५ किलोची, ड्रायव्हर धरून हजार किलो म्हणू. हजार किलो १०० मीटर वर उचलायला साधारण ९.८ लाख ज्यूल लागतात, तीस सेकंदांत वाटून टाकले तर ३३ किलोवॅट, म्हणजे ४४ हॉर्सपॉवर. वर पोचताना वेग समजा ताशी १६० किलोमीटर असेल तर त्या वेगाची गतिज ऊर्जाही जवळपास तेवढीच येते, पुन्हा ९.९ लाख ज्यूल. दोन्ही मिळून सरासरी ९० हॉर्सपॉवरच्या आतच. म्हणजे आपल्याकडच्या स्विफ्टच्या इंजिनाएवढी! मग मित्रासारखे लोक २४० हॉर्सपॉवरच्या मागे का लागतात, हा प्रश्न मला खरंच पडला होता.

उत्तर असं की ती सरासरी आहे, आणि सरासरी गाठायला मधल्या काही सेकंदांत खूप जास्त ताकद लागते, कारण बाकीच्या सेकंदांत ताकद वापरताच येत नाही. सुरुवातीला टायर आडवे येतात. मागच्या चाकांवर चालणारी गाडी, इंजिन मधे, वजन मागे, वरून चढ, तरी टायर फार तर गाडीच्या वजनाच्या ०.९ पट ढकलू शकतील असं धरा. ताकद म्हणजे बल गुणिले वेग, त्यामुळे २४० हॉर्सपॉवरचं इंजिन ताशी ७० किलोमीटरपर्यंत पूर्ण वापरताच येत नाही, जास्त रेस दिली की चाकं जागेवर फिरतात आणि नुसता रबराचा वास. म्हणून तर १९३० च्या सुमारास रेमंड मेज या इंग्लिश ड्रायव्हरने शेल्सलीसाठी मागच्या बाजूला दोन-दोन चाकं जोडून लावायला सुरुवात केली होती, ट्रकला असतात तशी. आणि वर एसेस नावाची जी उलटसुलट वळणं आहेत तिथे ब्रेक मारावाच लागतो. ताशी १५० वरनं ७० वर आलात की जवळपास ७ लाख ज्यूल ब्रेकच्या डिस्क तापवण्यात गेले, म्हणजे डोंगर चढायला जेवढी ऊर्जा लागते तिचा दोन तृतीयांश हिस्सा एका दाबात वाया! तो परत मिळवायचा तर शेवटच्या वळणातनं बाहेर पडताना पाय टाकला की त्याच क्षणी जोर हवा. अर्ध्या सेकंदाने नाही. अर्धा सेकंद म्हणजे इथे निकालपत्रावर पाच-सात नंबर खाली जाणं.

सुपरचार्जरचं महत्त्व इथे आहे.

इंजिनची ताकद पेट्रोलने ठरते असं आपल्याला वाटतं, पण पेट्रोल कितीही ओतता येतं, अडचण असते हवेची. १.८ लिटरचं चार स्ट्रोकचं इंजिन एका फेऱ्यात ०.९ लिटर हवा ओढतं, त्याहून जास्त स्वतःच्या बळावर ओढू शकत नाही. मग बाहेरून हवा कोंबायची. कोंबायला पंप लागतो, आणि तो पंप फिरवायचे दोन मार्ग. एक, धुराड्यातून जाणाऱ्या गरम वायूवर पंखा फिरवायचा, तो टर्बो, याचं पेटंट अल्फ्रेड ब्यूखीने १९०५ मध्येच घेतलं होतं, म्हणजे शेल्सली सुरू झालं त्याच वर्षी. दुसरा, पंप सरळ बेल्टने क्रँकला, म्हणजे इंजिनच्या फिरणाऱ्या मुख्य दांड्याला जोडायचा, तो सुपरचार्जर. टर्बोला आधी धूर वाढावा लागतो, मग पंखा वेग घेतो, मग हवा येते. हल्लीचे छोटे टर्बो हे फार पटकन करतात हे मान्य, पण बेल्टला वाट बघावीच लागत नाही, इंजिन फिरलं की तो फिरलाच.

या गाडीतला पंप रूट्स जातीचा, ईटनचा एम ६२. रूट्स नावाच्या दोन भावांनी अमेरिकेत इंडियाना राज्यात १८६० मध्ये याचं पेटंट घेतलं, आणि तेव्हा तो गाड्यांसाठी नव्हताच, भट्ट्यांना आणि खाणींना हवा पुरवायला वापरायचे. दोन रोटर एकमेकांत न टेकता फिरतात आणि हवा कडेकडेने पुढे ढकलतात. एम ६२ मधला ६२ म्हणजे एका फेऱ्यात ६२ घन इंच, साधारण एक लिटर. इंजिन मागतंय ०.९ लिटर, पंप देतोय एक लिटर, वर पुली लहान लावून पंप इंजिनपेक्षा जोरात फिरवायचा, म्हणजे जास्तीची हवा जायला जागा नाही आणि दाब वाढतो. एक्सिज एसच्या इंजिनात टोयोटाचं टू झेडझेड हेच मूळ, यामाहाबरोबर मिळून बनवलेलं. सुपरचार्जर नसताना १८९ हॉर्सपॉवर आणि टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, १८१ न्यूटन मीटर, तोही ६८०० आरपीएमला. सुपरचार्जर लावल्यावर २१८ हॉर्सपॉवर आणि टॉर्क २१५, आणि तो ५५०० लाच. सगळे २१८ कडे बघतात, मला विचाराल तर खरा फायदा त्या ५५०० चा आहे. टॉर्क लवकर मिळतो म्हणून वळणातनं निघताना एक गिअर खाली टाकायची गरज कधी कधी पडतच नाही, आणि गिअर बदलताना जो पाव सेकंद चाकांना काहीच मिळत नाही तो वाचतो. पुढे पुली बदलून, इंजेक्टर मोठे करून, ट्यूनिंग करून मित्राने गाडी २४० च्या आसपास नेली होती.

पण हवा दाबली की ती तापते, सायकलचा पंप मारताना हाताला चटका बसतो ना, तेच. बाहेर २० अंश सेल्सिअस असताना हवा दीडपट दाबाला नेली आणि पंपाची कार्यक्षमता ६० टक्के धरली, तर हवा ८० अंशांवर जाते. गरम हवा विरळ. त्यामुळे दाब ५० टक्के वाढवूनही सिलिंडरमध्ये खरी हवा जाते फक्त २५ टक्के जास्त! निम्मी मेहनत तापमानाने खाल्ली. ती हवा पुन्हा ४० अंशांवर आणली तर हाच आकडा ४० टक्क्यांवर जातो. शिवाय पंप फिरवायलाही इंजिनचेच पंधरा-सोळा हॉर्सपॉवर जातात, ते वेगळेच.

आणि गरम हवेचा दुसरा, जास्त वाईट परिणाम म्हणजे नॉकिंग. या इंजिनचा कॉम्प्रेशन रेशो ११.५, म्हणजे पिस्टन आतलं मिश्रण साडेअकरा पट दाबतो, आणि तो बिनसुपरचार्जरच्या गाडीसाठी ठरवलेला. त्यात आधीच दाबलेली, तापलेली हवा घातली तर प्लगची ठिणगी पडल्यावर ज्वाला पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप भडकतं, इंजिन ठोकायला लागतं, आणि पिस्टनला भोक पडायला फार वेळ लागत नाही. कॉम्प्युटर ते टाळायला ठिणगी उशिरा टाकतो, आणि ठिणगी उशिरा म्हणजे ताकद कमी. म्हणजे हवा थंड ठेवली नाही तर पुली कितीही लहान लावा, हातात काही येत नाही.

कंपनीने हवा थंड करायला इंजिनच्या वर इंटरकूलर दिलाय, छपरावरच्या तोंडातून वारा आत येतो आणि त्याला गार करतो. हायवेवर, ट्रॅकवर उत्तम. पण हिलक्लाइंबमध्ये गाडी रांगेत उभी असते, वारा शून्य, खालचं इंजिन तापलेलं, आणि निघायच्या क्षणी तो इंटरकूलर स्वतःच भाजलेला असतो. म्हणून मित्राने तो काढला आणि पाण्याने गार होणारा चार्जकूलर बसवला. हवा एका बाजूने, थंड पाणी दुसऱ्या बाजूने, छोटा इलेक्ट्रिक पंप पाणी फिरवतो.

इथेच मला बर्फाचा हिशोब करावासा वाटला. ८००० आरपीएमला हे इंजिन सेकंदाला साधारण २०० ग्रॅम हवा घेतं. ती ८० वरनं ४० अंशांवर आणायला ८ किलोवॅट उष्णता काढावी लागते, दोन-तीन गीझर एकदम चालू ठेवल्यासारखं. ऐकायला भरपूर आहे, तासाभराच्या शर्यतीसाठी याला पुढे मोठा रेडिएटर लागेल, त्याचं वजन, त्याचे पाइप, त्याला अडणारा वारा, सगळं आलं. पण आपल्याकडे आहेत फक्त तीस सेकंद. ८ किलोवॅट गुणिले तीस म्हणजे २४० किलोज्यूल. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल पितो. म्हणजे पाऊण किलोहून कमी बर्फात अख्खी चढाई निघते!! हे उत्तर आल्यावर मी दोनदा परत तपासलं. आणि बर्फ नसला तरी दहा लिटर पाणी तेवढ्या उष्णतेने सहा अंशसुद्धा तापत नाही. रेडिएटर लागतच नाही.

ही गाडी फक्त अर्ध्या मिनिटासाठी बांधलेली आहे हे डोक्यात घेतलं की तिच्यातली प्रत्येक गोष्ट वेगळी दिसायला लागते. टायर इतके मऊ की लांब शर्यतीत थोड्याच वेळात फाटतील, पण इथे त्यांना गरम व्हायला वेळच नाही, म्हणून थंड असतानाच चिकटणारं रबर हवं. पेट्रोल टाकीत जेमतेम काही लिटर. मागच्या दोन चाकांपैकी एकच मोकळं फिरून जोर वाया घालवू नये म्हणून लिमिटेड स्लिप डिफरन्शियल. सस्पेन्शन ट्रॅकच्या गाडीपेक्षा जरा नरम, कारण रस्ता जुना आहे आणि चाक उडालं की जोर संपला.

जुन्या लोकांनी हेच बर्फाशिवाय केलं होतं, इंधनाने. तिथल्या पॅडॉकमध्ये, म्हणजे गाड्या उभ्या करायच्या आवारात, जुन्या गाड्या चालू झाल्या की वेगळाच वास येतो, डोळे चुरचुरतात, ते मेथॅनॉल, एक अल्कोहोल. मेथॅनॉल वाफ होताना पेट्रोलच्या तिप्पट उष्णता ओढून घेतं, आणि त्याच हवेला ते दुपटीहून जास्त लागतं, त्यामुळे तेवढ्याच हवेमागे गारवा जवळपास सातपट. इंजिनच्या आतच बर्फ टाकल्यासारखं. सुपरचार्जर आणि अल्कोहोलचं इंधन ही जोडी त्या काळात टेकडीवर इतकी का चालली ते यातनं कळतं. १९३० मध्ये हान्स श्टुकने ऑस्ट्रो-डेमलर घेऊन ४२.८ सेकंदांचा विक्रम केला, १९३९ मध्ये रेमंड मेजने सुपरचार्जर लावलेल्या ईआरए या ब्रिटिश रेसिंग कारने तो ३७.३७ वर आणला, आणि मग युद्ध आलं.

तो विक्रम दहा वर्षं टिकला, आणि कुणी मोडला हे मला फार आवडतं. ब्रिस्टलमध्ये १९३६ च्या सुमारास डेव्हिड फ्राय आणि डिक सीझर या दोघांनी जीएन नावाच्या जुन्या गाडीच्या सांगाड्यावर, मॉर्गनच्या तीनचाकीत असतं तसलं ११०० सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागे बसवून एक गाडी बनवली. दोघांची आडनावं जोडून, सीझरचं जर्मन रूप कायझर घेऊन, जर्मन वाटेल असं नाव ठेवलं, फ्रायकायझरवागेन. पुढे तिला सुपरचार्जर लागला, आणि १९४९ मध्ये जो फ्रायने तिच्यावर ३७.३५ सेकंद काढले. कारखान्यात बनलेल्या सहा सिलिंडरच्या रेसिंग कारपेक्षा ०.०२ सेकंदाने कमी! पुढच्याच वर्षी ब्लँडफर्डच्या चढावर त्याच गाडीत जो फ्राय अपघातात गेला. इतकं हलकं वाहन, इतकी ताकद, आणि ड्रायव्हरभोवती जवळजवळ काहीच नाही, हे त्या काळच्या सगळ्याच गाड्यांचं होतं. आज मित्राच्या गाडीत रोल केज, म्हणजे गाडी उलटली तरी ड्रायव्हरला वाचवणारा पाइपांचा पिंजरा आहे, सहा पट्ट्यांचा हार्नेस आहे, आणि त्याचं वजन किती वाढलं याची त्याने कधी तक्रार केलेली मी ऐकली नाही.

एक गैरसमज मात्र दूर करतो, कारण मलाही तो होता. चढावर हवा विरळ होते म्हणून सुपरचार्जर लागतो असं नाही. शेल्सलीच्या १०० मीटरमध्ये हवा एखादा टक्काच कमी होते. तो प्रश्न अमेरिकेतल्या पाइक्स पीकचा, तिथे २८६२ मीटरवर सुरुवात आणि ४३०२ मीटरवर शेवट, वर हवा समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपासच राहते. तिथे २०१८ मध्ये रोमँ द्यूमाने फोक्सवॅगनच्या इलेक्ट्रिक गाडीने ७ मिनिटं ५७.१४८ सेकंदांत चढाई केली, आठ मिनिटांच्या आत पहिल्यांदाच, कारण मोटरला हवा लागतच नाही.

मित्राची पहिली चढाई झाली. चढून गेलेल्या गाड्या वरच थांबवतात, सगळा गट चढला की मग एकामागून एक खाली सोडतात. तेवढा वेळ इंजिनची आतली उष्णता सगळीकडे पसरत राहते. तो खाली आला, हेल्मेट काढायच्या आधी झाकण उघडलं आणि मला आत बघायला सांगितलं. पाण्यावर बर्फाचे दोन-तीन बारीक तुकडे अजून तरंगत होते. त्याने हात घालून बघितलं, थोडं पाणी काढून टाकलं आणि दुसरी पिशवी फोडली.