व्हिडिओचा पन्हा

माझा एक वर्गमित्र एलईडी वॉल भाड्याने देतो. लग्नं, सभा, स्नेहसंमेलनं, गणपतीत मंडळांचे देखावे, असा बारमाही धंदा. गेल्या हिवाळ्यात एका कार्यक्रमाच्या आदल्या रात्री साडेदहाला त्याचा फोन आला. "अरे, व्हिडिओ अडकतोय. लॅपटॉप गेमिंगचा आहे, ग्राफिक्स कार्ड आहे, परवा याच्यावर फोरके लोण्यासारखं चाललं. आणि हा तर फोरकेपेक्षा लहान आहे!"

असा फोन आला की "ड्रायव्हर अपडेट कर" असं सांगून झोपायची माझी सवय आहे. पण त्या शेवटच्या वाक्याने झोप उडाली. मोठा व्हिडिओ चालतो आणि लहान अडकतो? गाडी काढली.

मंचामागे भिंत उभी होती, आडवी २८ कॅबिनेट आणि उभी ५. एक कॅबिनेट म्हणजे अर्धा मीटर लांबी-रुंदीचा चौकोन, त्यात १९२ × १९२ पिक्सेल. सगळी भिंत मिळून १४ मीटर रुंद, अडीच मीटर उंच, आणि पिक्सेलच्या हिशेबात ५३७६ × ९६०. गुणाकार केला तर ५१,६०,९६०. फोरके म्हणजे ३८४० × २१६०, त्याचे होतात ८२,९४,४००. मित्राचं गणित अगदी बरोबर होतं.

व्हिडिओ लावला. पहिलं मिनीट झकास. मग पंखा भणभणायला लागला आणि पडद्यावर उडणारे पक्षी एका जागी थबकून पुढे उडी मारायला लागले. आवाज पुढे, चित्र मागे. विंडोजचा टास्क मॅनेजर उघडला. त्यात परफॉर्मन्सखाली जीपीयूवर, म्हणजे ग्राफिक्सच्या चिपवर, गेलं की चार-पाच छोटे आलेख दिसतात, त्यातल्या एकावर ‘व्हिडिओ डिकोड’ लिहिलेलं असतं. हा आलेख फारसं कोणी बघत नाही. तो शून्यावर झोपला होता. प्रोसेसर मात्र ९७ टक्क्यांवर. म्हणजे ज्या ग्राफिक्स कार्डाच्या जिवावर मित्र निवांत होता ते हाताची घडी घालून बसलं होतं, आणि सगळी हमाली चार कोअरचा बिचारा प्रोसेसर करत होता. तापला की तो स्वतःचा वेग कमी करतो, म्हणून पहिलं मिनीट बरं गेलं होतं.

ही हमाली नेमकी कसली, ते आधी बघू. या भिंतीवरची एक फ्रेम उघडी केली तर साधारण ७७ लाख बाइटची होते. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे ४६ कोटी बाइट. फाइलमध्ये मात्र सेकंदाला अडीच कोटीच होते. हे दाबून बसवण्याचं काम एच.२६४ या पद्धतीने केलं होतं. २००३ साली आलेली ही पद्धत आजही सगळ्यात जास्त चालते. ती चित्राचे १६ × १६ पिक्सेलचे चौकोनी ठोकळे पाडते. (आपल्या नेहमीच्या १०८० ओळींना १६ ने पूर्ण भाग जात नाही, त्यामुळे फुल एचडी फाइलच्या पोटात खरं तर १०८८ ओळी असतात. खालच्या आठ दाखवायच्या नाहीत असं फाइलीतच लिहून ठेवलेलं असतं.) प्रत्येक ठोकळ्याबद्दल फाइल फक्त एवढंच सांगते की हा डावीकडच्या आणि वरच्या शेजाऱ्यांसारखा आहे, किंवा मागच्या फ्रेममधला अमुक तुकडा इतका सरकवला की हा तयार होतो, आणि वर एवढासा फरक. तो फरक आणि त्या सूचना पुन्हा अशा घट्ट आवळलेल्या असतात की पुढची खूण कशी वाचायची हे आधीची वाचल्याशिवाय कळत नाही. स्वेटर उसवताना टोक सापडल्याशिवाय मधूनच सुरुवात करता येत नाही, तसंच.

गेमिंग कार्डाची खरी अडचण इथे आहे. त्याच्यात हजारो छोटे कामगार असतात, पण ते एकाच वेळी आपापला पिक्सेल रंगवण्यात पटाईत. एकामागून एकच करता येईल अशा कामात त्यांचा काही उपयोग नाही. म्हणून चिप बनवणाऱ्यांनी त्याच सिलिकॉनच्या एका कोपऱ्यात वेगळा कारखाना बसवला, व्हिडिओ उलगडण्यापुरता. हा डिकोडर ठरावीक कामच करतो, पण ते अत्यंत थोड्या विजेत करतो. गेम पळवण्याच्या ताकदीशी त्याचा काही संबंध नाही. महागडं कार्ड घेतलं म्हणून व्हिडिओ चांगला चालेल, ही समजूत दुकानदारही बिनधास्त पसरवतात. तिला अर्थ नाही. कार्ड कितीचं यापेक्षा त्या कोपऱ्यातला कारखाना कोणत्या पिढीचा, ते विचारायला हवं.

आणि त्या कारखान्याला माप असतं. डिकोडर चित्र वरून खाली, ओळीओळीने उलगडत जातो. चालू ओळीतला ठोकळा तयार करायला वरच्या ओळीतला शेजारी लागतो, ठोकळ्यांमधल्या कडा गुळगुळीत करायलाही तो लागतो. म्हणून वरच्या अख्ख्या ओळीची माहिती चिपवरच, अगदी हाताशी ठेवावी लागते. त्यासाठी जी जलद मेमरी कोरलेली असते तिचा आकार चित्राच्या रुंदीवर ठरतो. उंचीशी तिला देणंघेणं नाही. हातमाग ज्याने पाहिलाय त्याला हे लगेच कळेल. कापड लांबीला हवं तेवढं विणता येतं, पण पन्हा फणीच्या रुंदीबाहेर जात नाही. साडी नऊवारी असो की सहावारी, माग तोच.

डिकोडरच्या उंचीलाही मर्यादा असतेच, पण मित्राच्या व्हिडिओचं घोडं अडलं होतं ते पन्ह्यावर. वर्षानुवर्षं बहुतेक लॅपटॉप आणि कार्डांमधल्या एच.२६४ डिकोडरचं कमाल माप ४०९६ × ४०९६ राहिलं आहे. फोरकेची रुंदी ३८४०, म्हणजे ते आत बसतं. आमची भिंत ५३७६. एकूण पिक्सेल कमी, पण अंगाने आडवी. जिन्यातून सोफा चढवताना जे होतं ते झालं.

गंमत म्हणजे कागदोपत्री ही फाइल पूर्ण नियमात होती. एच.२६४ च्या नियमपुस्तकात ‘लेव्हल’ नावाच्या पायऱ्या आहेत. लेव्हल ५.२ मध्ये एका फ्रेमला ३६,८६४ ठोकळे चालतात. आमचे ३३६ गुणिले ६०, म्हणजे २०,१६० च होते. त्याच लेव्हलला रुंदी ८६८८ पिक्सेलपर्यंत नेता येते. म्हणून फाइल बनवणाऱ्या सॉफ्टवेअरने कुरकूर न करता ती बनवून दिली. नियमपुस्तक एक सांगतं, चिप दुसरंच करते, आणि दोघांच्या मध्ये ड्रायव्हर बसलेला असतो.

ड्रायव्हर म्हणजे कार्ड आणि बाकीच्या संगणकामधला खिडकीवरचा कारकून. व्हिडिओ प्लेअर त्याला आधी विचारतो की ही पद्धत, इतकी रुंदी, इतके बिट, जमेल का? विंडोजवर हा संवाद डीएक्सव्हीए नावाच्या नियमांनी होतो, लिनक्सवर बहुधा व्हीए-एपीआयने. कारकून नाही म्हणाला की बहुतेक प्लेअर निमूटपणे फाइल प्रोसेसरकडे सरकवतात. चौकट नाही, सूचना नाही, काही नाही. व्हिडिओ चालू तर राहतो, म्हणून आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. हा गप्प राहण्याचा सोज्वळपणा मला कायम खटकतो. एक ओळ दाखवली असती तर मित्राचे दोन दिवस वाचले असते. या दोन दिवसांत त्याने ड्रायव्हर दोनदा बदलला होता आणि विंडोजही नव्याने टाकायला निघाला होता.

ड्रायव्हर बदलून कधी फरक पडतो, हे या निमित्ताने सांगायला हवं. विंडोजने स्वतःचा प्राथमिक डिस्प्ले ड्रायव्हर बसवला असेल तर डिकोडर असूनही त्याला हाक मारणारं कोणी नसतं. तिथे खरा ड्रायव्हर टाकला की जादू होते. काही ड्रायव्हरमध्ये दोष असतात, आणि ब्राउझर अशा आवृत्त्यांची काळी यादी ठेवून कार्डाची मदत बंद करतात. तिथेही नवा ड्रायव्हर उपयोगी. इंटेलने तर २०१५ मध्ये काही जुन्या चिपना निव्वळ ड्रायव्हरमधून व्हीपी९ ही गूगलची व्हिडिओ दाबण्याची पद्धत शिकवली होती, अर्धं काम चित्र रंगवणाऱ्या कामगारांवर आणि अर्धं प्रोसेसरवर टाकून. पण चिपवरच्या मेमरीचा पन्हा कुठलाच ड्रायव्हर वाढवू शकत नाही.

मग उपाय काय? एक म्हणजे व्हिडिओचे २६८८ रुंदीचे दोन तुकडे करायचे आणि शेजारी शेजारी लावायचे. पण दोन फाइली तासभर एका तालात चालवणं म्हणजे लांबूनच नमस्कार. दुसरा उपाय, पद्धत बदलायची. एच.२६४ नंतर २०१३ मध्ये एचईव्हीसी आली. तिच्यासाठी बनलेल्या डिकोडरचं माप मोठं आहे. एनव्हिडियाच्या २०१६ नंतरच्या बहुतेक कार्डांत ते ८१९२ × ८१९२ आहे. मूळ फाइल मिळवली, एचईव्हीसीत काढली, बिटरेट, म्हणजे फाइलचा सेकंदामागचा भार, निम्म्याहून खाली आणला. रात्री पाऊणच्या सुमाराला पुन्हा लावली. ‘व्हिडिओ डिकोड’चा आलेख उठून तिशीत गेला, प्रोसेसर ९ टक्के, पंखा गप्प. पक्षी उडून गेले.

ही मर्यादा नवी नाही. २००५ च्या आसपास इंटेलच्या ९४५ चिपसेटमधल्या ग्राफिक्सला २०४८ पिक्सेलपेक्षा रुंद थ्रीडी चित्र रंगवताच येत नव्हतं. दोन मॉनिटर शेजारी लावले की थ्रीडी बंद. आकडे पुढे दुप्पट होत गेले. विंडोजवर थ्रीडी चित्रं ज्या नियमांनी रंगवतात त्या डायरेक्टथ्रीडीच्या दहाव्या आवृत्तीच्या काळात एका चित्राची कमाल रुंदी ८१९२ झाली, अकराव्यात १६,३८४. पण ते रंगवण्याचं माप, उलगडण्याचं नव्हे. त्यामुळे आठ हजार रुंद फोटो दिसतो आणि तेवढाच व्हिडिओ अडतो, असं आजही होऊ शकतं.

आणखी दोन जागी हमखास ठेच लागते. पहिली यूट्यूबची. तिथे फोरके व्हिडिओ एच.२६४ मध्ये सहसा मिळत नाही, व्हीपी९ किंवा एव्ही१ मध्ये मिळतो. एव्ही१ ही पद्धत २०१८ ची, आणि तिचे डिकोडर संगणकांच्या चिपमध्ये यायला लागले २०२० पासून. म्हणून फोनवर सुरळीत दिसणारा व्हिडिओ २०१८ च्या चांगल्या लॅपटॉपवर हुंदके देतो. व्हिडिओवर उजवं बटण दाबून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडलं की कोणती पद्धत आली आणि किती फ्रेम गळल्या, दोन्ही तिथेच दिसतं.

दुसरी ठेच लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्यांची. नवे मिररलेस कॅमेरे रंगांची माहिती जास्त ठेवणारी ४:२:२, १० बिटची फाइल देतात. रंग सुधारताना ती सोन्यासारखी असते. पण घरगुती व्हिडिओत रंगाची माहिती चारातल्या एकाच पिक्सेलपुरती ठेवतात, आणि बहुतेक डिकोडर त्याच मापाचे घडवलेले आहेत. इंटेलच्या काही पिढ्यांनी हे आधी जमवलं, एनव्हिडियाने २०२५ च्या कार्डांत. त्यामुळे दीड लाखाच्या एडिटिंग मशीनवर फाइल रडतखडत चालते आणि कोणाच्या तरी साध्या ऑफिस लॅपटॉपवर पळते. स्टुडिओवाले यावर एकमेकांना शिव्या घालतात, दोष मात्र कोणाचाच नसतो.

फोरकेच्या चौपट पिक्सेल असलेल्या एटकेला आणखी एक भिंत लागते, मेमरीची. जपानमध्ये एनएचकेने १ डिसेंबर २०१८ पासून एटकेचं उपग्रह प्रसारण सुरू केलं. ७६८० × ४३२०, म्हणजे फ्रेमला ३ कोटी ३१ लाख पिक्सेल. १० बिटची अशी एक फ्रेम कार्डाच्या मेमरीत साधारण १० कोटी बाइट खाते, आणि एव्ही१ ला मागे वळून बघायला अशा आठ फ्रेमपर्यंत हाताशी ठेवाव्या लागतात. नुसत्या आठवणींचेच ८० कोटी. त्यातून पार पडलं की केबल उभी असते. एचडीएमआय २.० ची वाट सेकंदाला १८ गिगाबिटची, ती फोरकेच्या ६० फ्रेमलाच पुरते. एटकेला २.१ ची ४८ गिगाबिटची लागते. पण केबल अपुरी असेल तर पक्षी थबकत नाहीत. पडदा काळा होतो, मधूनच लुकलुकतो, किंवा एटकेचा पर्यायच यादीत दिसत नाही. थबकणं, उडी मारणं हे डिकोडरचं किंवा डिस्कचं लक्षण. हिरवे-गुलाबी चौकोन उठले तर फाइल खराब, नाहीतर ड्रायव्हरचा दोष.

मित्राने त्या रात्रीपासून लॅपटॉपच्या झाकणावर आतल्या बाजूने पट्टी चिकटवून मार्करने दोन आकडे लिहिले आहेत, ४०९६ आणि ८१९२. मागच्या आठवड्यात पुन्हा फोन आला. पुढच्या महिन्यात २१ मीटरची भिंत आहे म्हणाला, ४२ कॅबिनेट. मी मनात गुणाकार केला, ८०६४. बसते, १२८ पिक्सेल राखून.

"एचईव्हीसीतच माग. आणि ऐनवेळी त्यांनी एक कॅबिनेट वाढव म्हटलं तर?"

"४३ झाले तर ८२५६," तो म्हणाला. त्याने आधीच करून ठेवलं होतं.